जुन्या गाडीत मोठे इंजिन बसवावे का? ठाणे-नवी मुंबईतील नवख्या मालकांसाठी मार्गदर्शन

वडिलांची जुनी झेन, आजोबांची पद्मिनी किंवा हौसेने घेतलेली जिप्सी दारात उभी असली, की मोठ्या इंजिनाचा विचार कधी ना कधी मनात येतोच. चार माणसे आणि एसी घेऊन घोडबंदर रोडवरचा गायमुखचा चढ चढताना गाडी दुसऱ्या गिअरवर येते, मागून हॉर्न वाजतात, आणि घरी पोहोचेपर्यंत निम्मा निर्णय झालेला असतो. इंजिन कसे बसवावे हे या लेखात सांगितलेले नाही. ते बसवावे की नाही हे कसे ठरवावे, एवढाच येथे विषय आहे.

या निर्णयात क्रमाला फार महत्त्व आहे. आधी आपल्या गाडीचे मोजमाप, मग कागदपत्रांची शक्यता, त्यानंतर बाकीच्या भागांचे गणित आणि सर्वांत शेवटी इंजिनाचा शोध, असा तो क्रम असावा. बहुतेक ठिकाणी तो नेमका उलटा होतो. कुर्ल्याला एखादे इंजिन स्वस्तात मिळते, ते टेम्पोत घालून आणले जाते, आणि ते गाडीत बसेल का, आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) चढेल का, ब्रेक पुरतील का, हे प्रश्न त्यानंतर सुरू होतात.

पहिली पायरी : नेमके काय कमी पडते ते लिहून काढा

‘पॉवर कमी आहे’ ही तक्रार मेकॅनिकच्या काही उपयोगाची नाही. कोणत्या रस्त्यावर, कोणत्या गिअरमध्ये, किती माणसे असताना आणि एसी चालू की बंद असताना गाडी कमी पडते, हे पंधरा दिवस वहीत टिपून ठेवा. माजिवड्याच्या सिग्नलवरून सुटताना गाडी रेंगाळत असेल, तर तो इंजिनाच्या खालच्या फेऱ्यांवरच्या ओढीचा, म्हणजे टॉर्कचा प्रश्न आहे. पाम बीच रोडवर गाडी ठीक धावते पण कसारा घाटात दम टाकते, असे असेल तर तो बराचसा गिअरच्या निवडीचा आणि वजनाचा प्रश्न असतो. सकाळी ठीक आणि दुपारी मंद, असे होत असेल तर दोष उष्णतेचा, इग्निशनचा किंवा पेट्रोल पुरवठ्याचा असण्याची शक्यता अधिक. यातल्या एकाही तक्रारीवरून मोठ्या इंजिनाची गरज थेट सिद्ध होत नाही.

दुसरी पायरी : आहे ते इंजिन आणि आहे ती गाडी तपासा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि हीच सर्वांत जास्त वेळा गाळली जाते. पंचवीस वर्षांची गाडी कमी ओढते तेव्हा तिची तुलना आपण नकळत आजच्या गाड्यांशी करतो. वास्तविक ती स्वतःच्या मूळ ताकदीच्याही बरीच खाली आलेली असते. १९९३ साली आलेल्या झेनच्या ९९३ सीसी इंजिनाची ताकद सुमारे ५० अश्वशक्ती होती आणि गाडीचे वजन पावणेआठशे किलोच्या आसपास. ती सगळी अश्वशक्ती शाबूत असेल तर शहरात ही गाडी आजही मागे पडत नाही. म्हणून मूळचे किती उरले आहे, हे आधी मोजावे लागते.

इंजिनासाठी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधल्या दाबाची मोजणी, करून घ्या आणि ती होत असताना स्वतः शेजारी उभे राहा. इंजिन नेहमीच्या तापमानाला आणावे, चारही प्लग काढावेत, इग्निशन कॉइलची जोडणी सोडवावी, बॅटरी पूर्ण चार्ज असावी आणि अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला असावा. प्रत्येक सिलिंडरला गेज लावून सेल्फवर पाच-सहा फेरे द्यावेत आणि चारही आकडे कागदावर लिहावेत. चांगल्या स्थितीतील पेट्रोल इंजिनात ते साधारण १५० ते १८० पीएसआय दरम्यान येतात, मात्र खरा आकडा त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच धरावा. आकडे किती आहेत याच्याइतकेच ते एकमेकांशी किती जुळतात हेही पाहायचे असते. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यात दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक तफावत असेल, तर इंजिनात काम आहे. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा लक्षणीय वाढला तर रिंगा किंवा बोअर झिजले आहेत, आणि जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील, तर दोघांमधील हेड गॅस्केट गेल्याचा संशय घ्यावा.

त्यानंतर इंजिनाबाहेरच्या गोष्टी पाहा. गाडी दहा किलोमीटर चालवून आल्यावर चारही चाकांच्या डिस्क किंवा ड्रमजवळ हात नेऊन उष्णतेचा अंदाज घ्या, प्रत्यक्ष स्पर्श करू नका. मग गाडी जॅकवर घेऊन प्रत्येक चाक हाताने फिरवा. एखादे चाक अडकत फिरत असेल, तर इंजिन रोज त्या ब्रेकशी झगडत आहे असे समजावे. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये, कमी वेगावर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग त्या प्रमाणात वाढत नाही, असे झाले तर क्लच प्लेट घसरते आहे. आतून कोंदलेला सायलेन्सर, चुकलेले इग्निशन टायमिंग, घाण बसलेला कार्बोरेटर, दमलेला फ्युएल पंप, कमी हवेचे टायर, यांपैकी प्रत्येक गोष्ट थोडी थोडी ताकद खाते. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत आजच्या वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमुळे रबरी पाइप आणि सील कडक होऊन चिरतात, त्यामुळे पेट्रोलचा मार्ग टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत तपासून घ्यावा. हा मुद्दा ताकदीपेक्षा आगीच्या धोक्याशी अधिक निगडित आहे, म्हणून तो लांबणीवर टाकू नये.

तपासणीत इंजिनच थकलेले निघाले, तर पहिला पर्याय त्याच इंजिनाच्या पूर्ण कामाचा ठेवावा. बोअरिंग, नवे पिस्टन-रिंग, बेअरिंग, हेडचे फेसिंग, व्हॉल्व्हचे काम आणि नवी टायमिंग बेल्ट एवढे नीट झाले, तर गाडी मूळ ताकदीवर येते. मशीनिंगचे असे काम करणारी माणसे वागळे इस्टेटसारख्या औद्योगिक वसाहतींत अजून सापडतात. इंजिन क्रमांक तोच राहतो, त्यामुळे कागदपत्रांचा प्रश्नच येत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की, मोठ्या इंजिनाचा विचार करणाऱ्या बहुतेकांना प्रत्यक्षात आपले जुने इंजिन पूर्वीसारखे हवे असते. गाडी दुरुस्त करून तीन महिने चालवा आणि वही पुन्हा उघडा. तक्रारी तरीही तशाच उरल्या असतील, तरच पुढची पायरी चढावी.

तिसरी पायरी : कायदा काय म्हणतो ते आधी समजून घ्या

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल वाहनात करता येत नाही. इंजिन क्रमांक आणि घनक्षमता (सीसी) प्रमाणपत्रावरच छापलेली असते, त्यामुळे मोठे इंजिन हा याच कलमाखाली येणारा बदल ठरतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ लावताना, उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी न जुळणारे बदल मान्य नाहीत, असेच म्हटले. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला त्यानुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कायद्याने काही वाटा खुल्या ठेवल्या आहेत. मान्यताप्राप्त किट लावून सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर जाण्याची तरतूद आहे. निकामी इंजिनाच्या जागी त्याच कंपनीचे, त्याच प्रकारचे इंजिन नोंदणी प्राधिकाऱ्याच्या मंजुरीने बसवून नवा क्रमांक प्रमाणपत्रावर चढवून घेता येतो. वेगळ्या घनक्षमतेच्या इंजिनाला मात्र मंजुरी मिळेलच, असे गृहीत धरून एक रुपयाही खर्च करू नये.

म्हणून इंजिन शोधण्यापूर्वी आपल्या राहत्या पत्त्याच्या आरटीओमध्ये लेखी विचारणा करावी. ठाण्याचा संकेतांक एमएच ०४, कल्याणचा ०५, नवी मुंबईचा ४३ आणि पनवेलचा ४६ आहे. अर्जात सध्याचा इंजिन क्रमांक व घनक्षमता, प्रस्तावित इंजिनाची कंपनी, प्रकार व घनक्षमता लिहावी. तेच इंजिन कंपनीने तुमच्याच मॉडेलमध्ये विकले होते का, हेही नमूद करावे आणि असल्यास त्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेची प्रत जोडावी. अर्जाची पोच घ्यावी आणि उत्तर लेखीच मागावे. गेटबाहेरच्या एजंटाचे ‘होऊन जाईल, साहेब’ हे उत्तर धरू नये, कारण उद्या अडचण आली तर प्रमाणपत्रावर नाव तुमचेच असते.

‘कोण तपासणार आहे’ असा विचार काहीजण करतात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. जुन्या गाडीच्या मालकाला हे चांगलेच ठाऊक असते, कारण १ एप्रिल २०२२ पासून मोटारगाडीच्या या नूतनीकरणाचे शुल्क सहाशेवरून पाच हजार रुपये झाले आणि वीस वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ते पुढे आणखी वाढवले गेले. या पासिंगच्या वेळी मोटार वाहन निरीक्षक चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक प्रत्यक्ष पडताळतो. नोंद नसलेले इंजिन तेथे अडते आणि सगळा खर्च करून झाल्यावर गाडी कागदावर मरते.

विम्याचाही विचार याच टप्प्यावर करावा. थर्ड पार्टी विम्याचा हप्ताच घनक्षमतेच्या टप्प्यांवर ठरतो. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या दरांनुसार खासगी मोटारीसाठी १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीसाठी ३,४१६ रुपये आणि त्यावर ७,८९७ रुपये असा वार्षिक हप्ता होता. ९९३ सीसीची गाडी १२९८ सीसीची झाली आणि विमा कंपनीला ते कळवलेच नाही, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो. अपघातात दुसऱ्या कोणाला इजा झाल्यास दिलेली भरपाई विमा कंपनी तुमच्याकडून वसूल करण्याचा मार्गही धरू शकते. हा धोका दंडाच्या पाच हजारांपेक्षा कितीतरी मोठा आहे.

पद्मिनी, फियाट ११०० किंवा तत्सम गाड्यांच्या मालकांसाठी आणखी एक गोष्ट. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, परंतु ती मूळ स्वरूपात असली पाहिजे आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसला पाहिजे. गाडी त्या वयाजवळ आली असेल, तर मूळ इंजिन काढणे म्हणजे तिचा तो हक्क स्वतःहून सोडणे होय. अशा गाडीत मोठे इंजिन घालू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

चौथी पायरी : कंपनीने स्वतः काय केले होते ते पाहा

एकाच बॉडीत मोठे इंजिन बसवण्याचे काम आपल्याकडच्या कंपन्यांनी स्वतः अनेकदा केले आहे, आणि नवख्या माणसाला त्यातून जेवढे शिकता येते तेवढे दुसरीकडून येत नाही. जिप्सी सुरुवातीला ९७० सीसीची होती. १९९६ मध्ये १२९८ सीसीची जिप्सी किंग आली, तेव्हा तिच्यात चार गिअरऐवजी पाच गिअरचा गिअरबॉक्सही आला. अ‍ॅम्बॅसडरला १४८९ सीसीच्या जुन्या इंजिनाऐवजी इसुझूचे १८१७ सीसी इंजिन मिळाले, तेव्हाही त्यासोबत पाच गिअरचा नवा गिअरबॉक्स देण्यात आला. ९७० सीसीची मारुती १००० पुढे १९९४ मध्ये १२९८ सीसीची एस्टीम झाली. या तिन्ही उदाहरणांत नवे इंजिन एकटे आलेले नाही. त्याच्यासोबत आणखी काय काय बदलले, याची यादी दोन्ही मॉडेलचे पार्ट कॅटलॉग शेजारी ठेवून करावी. रेडिएटर, क्लच प्लेटचा व्यास, ड्राइव्हशाफ्ट, ब्रेक, पुढच्या स्प्रिंगा, माउंटिंग, सायलेन्सर या प्रत्येक भागाचा क्रमांक तपासावा. क्रमांक वेगळा असेल तर तो भाग तुम्हालाही बदलावा लागेल.

झेनमध्ये एस्टीमचे १२९८ सीसी इंजिन बसवण्याची पद्धत हौशी मंडळींत फार जुनी आहे. दोन्ही इंजिने एकाच घराण्यातली असल्याने बसवण्याचे काम तुलनेने सोपे जाते. कार्बोरेटरची एस्टीम ६५ अश्वशक्तीची होती आणि १९९९ नंतरची एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल देणारी, ८५ ची. पावणेआठशे किलोच्या गाडीत ८५ अश्वशक्ती म्हणजे टनामागे सुमारे ११० अश्वशक्ती होतात. मूळ झेनमध्ये हा आकडा ६५ च्या आसपास होता. हे आकडे मोहात पाडणारे आहेत यात शंका नाही. परंतु कंपनीने १२९८ सीसीची पेट्रोल झेन येथे कधी विकलेली नाही, त्यामुळे बसवायला सोपे असलेले हे इंजिन कागदावर चढवायला अवघड ठरते. मारुती १००० मध्ये किंवा जुन्या जिप्सीत कंपनीचेच मोठे इंजिन घालायचे असेल, तर निदान ‘हीच बॉडी, हेच इंजिन, उत्पादकाने स्वतः विकलेले’ एवढे तरी अर्जात लिहिता येते. मंजुरीची हमी त्यानेही मिळत नाही, मात्र चर्चेला पाया मिळतो.

कार्बोरेटरवरून एमपीएफआयवर जायचे असेल, तर नुसते इंजिन घेऊन भागत नाही. ईसीएम (इंजिनाचा संगणक), पूर्ण वायरिंग हार्नेस, सर्व सेन्सर, जास्त दाबाचा फ्युएल पंप आणि पेट्रोल टाकीकडे परत नेणारी लाइन, हे सारे एकाच गाडीतून निघालेले असावे. तुकड्यातुकड्यांनी जमवलेले वायरिंग आपल्याकडच्या पावसाळ्यात हमखास त्रास देते, कारण गुडघाभर पाण्यातून एकदा गाडी गेली की पहिला दगा सैल आणि उघडे जोड देतात.

पाचवी पायरी : इंजिनाभोवतीचे गणित करा

येथून पुढे वाचताना, आरटीओचे उत्तर अनुकूल आले आहे किंवा गाडी सार्वजनिक रस्त्यावर न चालवता केवळ बंदिस्त ट्रॅकवर, टो करून नेण्यासाठीच ठेवायची आहे, असे धरले आहे.

ब्रेकपासून सुरुवात करावी. धावत्या गाडीतली गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेगाने जाणारी तीच गाडी थांबवताना ब्रेकना दीडपटीहून अधिक ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. मोठ्या इंजिनाने वरचा वेग वाढला नाही तरी त्या वेगाला तुम्ही वारंवार आणि लवकर पोहोचता, ब्रेकना थंड व्हायला मिळणारा वेळ कमी होतो, आणि घाट उतरताना पेडल मऊ पडू लागते. म्हणून कंपनीच्या मोठ्या मॉडेलचे डिस्क, कॅलिपर आणि मास्टर सिलिंडर आपल्या गाडीला बसतात का, हे आधी पाहावे. ते बसत नसतील तर माझ्या मते निर्णय तेथेच संपतो.

नंतर वजन. इंजिन बदलल्यावर एकूण वजनापेक्षा पुढच्या चाकांवरचा वाटा अधिक बदलतो, त्याने स्टीअरिंग जड होते आणि वळणावर गाडी बाहेर ओढली जाते. तुर्भे आणि कळंबोली भागात ट्रकांसाठी असलेल्या वजनकाट्यावर गाडी नेऊन आधी केवळ पुढची चाके, मग केवळ मागची आणि शेवटी पूर्ण गाडी, अशा तीन नोंदी घ्या. अशा काट्यावर पाच-दहा किलोंचा फरक कळत नाही हे ध्यानात ठेवावे, तरी प्रमाण समजायला त्या नोंदी पुरतात. जुने व नवे इंजिन गिअरबॉक्ससह किती किलोचे आहे हे कळले, की पुढच्या स्प्रिंगा चालतील की बदलाव्या लागतील याचा अंदाज येतो. पेट्रोल गाडीत डिझेल इंजिन घालण्याच्या कल्पना बहुधा याच हिशेबात कोसळतात.

गिअरचे गणित घरी बसून करता येते. १४५/७० आर १३ मापाच्या टायरचा परीघ सुमारे १.६७ मीटर असतो, म्हणजे ताशी ८० किलोमीटरला चाक मिनिटाला साधारण ८०० फेरे घेते. वरच्या गिअरचे आणि डिफरन्शियलचे गुणोत्तर मिळून समजा ४ असेल, तर इंजिन तेव्हा ३,२०० फेऱ्यांवर असते, आणि ३.५ असेल तर २,८०० वर. लहान इंजिनाच्या गाडीत हे गुणोत्तर मुद्दाम मोठे ठेवलेले असते. मोठे इंजिन जुन्याच गिअरबॉक्सला जोडले, तर ते ठाणे-बेलापूर रोडवर सतत अनावश्यक चढ्या फेऱ्यांवर फिरत राहते, पेट्रोल पिते आणि आवाज करते. त्यातच गिअरबॉक्सचे दात आणि ड्राइव्हशाफ्ट मूळ टॉर्कसाठी बनवलेले असतात. म्हणून इंजिन घ्यायचे तर त्याच्याच गिअरबॉक्ससह घ्यावे.

थंडाव्याची परीक्षा आपल्याकडे महामार्गावर होत नाही, कोंडीत होते. मे महिन्यात, दुपारी, एसी लावून घोडबंदर रोडच्या कोंडीत अर्धा तास उभी राहिलेली गाडी तापमापकाच्या मध्यावर टिकली पाहिजे. मोठ्या इंजिनाचा रेडिएटर जुन्या गाडीच्या तोंडात मावत नसेल आणि कोणी ‘जुनाच चालेल, पंखा मोठा लावू’ असे सुचवत असेल, तर ते मान्य करू नये.

सहावी पायरी : इंजिन घेताना

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर वापरलेल्या भागांची मोठी बाजारपेठ आहे आणि ठाणे-नवी मुंबईतले बहुतेक गॅरेजवाले तेथूनच माल आणतात. तुम्ही स्वतः त्यांच्यासोबत जा. सर्वप्रथम इंजिनावरचा क्रमांक पाहा. ब्लॉकचा पृष्ठभाग ओतीव लोखंडाचा असो वा अ‍ॅल्युमिनियमचा, क्रमांकाभोवतीची जागा कारखान्यातून आल्यासारखी दिसली पाहिजे. तेथे बोट फिरवल्यावर ग्राइंडरच्या रेघा लागत असतील, केवळ तेवढ्याच भागावर ताजा रंग असेल किंवा अंकांची उंची एकसारखी नसेल, तर पुढे बोलू नये. बिलावर तो क्रमांक लिहून घ्यावा, विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक असावा, आणि ते इंजिन ज्या गाडीतून निघाले तिच्या आरसीची व नोंदणी रद्द झाल्याची प्रत मागावी. ही कागदपत्रे नसतील तर आरटीओमध्ये दाखवायला तुमच्याकडे काहीच राहत नाही, आणि इंजिन चोरीच्या गाडीतले निघाले तर प्रकरण पोलिसांपर्यंत जाते.

कागद ठीक असतील तर मग इंजिनाकडे वळावे. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन दोन पूर्ण फेरे हाताने फिरवा, ते कोठेही अडू नये. ऑइल भरण्याचे झाकण उघडून आत बघा, पांढुरका साईसारखा थर असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळल्याची शंका घ्यावी. प्लग काढून त्यांची टोके पाहा, तेलकट काळी असतील तर रिंगांचे काम निघेल. शक्य असेल तर बॅटरी लावून दुसऱ्या पायरीत सांगितलेली कॉम्प्रेशन टेस्ट तेथेच करून घ्या. ‘बसवल्यावर चालले नाही तर परत’ ही बोली बिलावर लिहून घ्यावी. घरी आणल्यावर इंजिन कितीही चांगले वाटले तरी टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप आणि पुढचे-मागचे ऑइल सील नवे टाकूनच ते बसवावे, कारण हीच कामे गाडीत बसवल्यावर दुप्पट मजुरीची होतात.

सातवी पायरी : पैसा, जागा आणि मेकॅनिक

अंदाजपत्रक करताना इंजिनाची किंमत एका ओळीत आणि बाकी सर्व एका ओळीत, असे लिहू नका. गिअरबॉक्स, क्लच, रेडिएटर, माउंटिंग, ब्रेक, वायरिंग, सायलेन्सर, मशीनिंग, मजुरी, टो, शुल्क आणि विम्यातला फरक, प्रत्येकाची स्वतंत्र ओळ हवी आणि प्रत्येकीसमोर दुकानातून विचारलेला भाव हवा. या बाकीच्या ओळींची बेरीज इंजिनाच्या किमतीपेक्षा कमी येत असेल, तर काहीतरी राहून गेले आहे असे समजून यादी पुन्हा तपासावी. शेजारच्या रकान्यात दुसऱ्या पायरीतल्या पूर्ण इंजिन कामाचा खर्च लिहा. दोन्ही रकाने एकाच पानावर आले, की घरच्यांशी बोलणेही सोपे जाते.

हे काम आठवड्यात होत नाही. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये बॉनेटविना, जॅकवर उभी असलेली गाडी कमिटी फार दिवस चालवून घेणार नाही, आणि रस्त्याकडेला उभी ठेवली तर महापालिका ती बेवारस समजून उचलू शकते. गॅरेजमध्ये गाडी किती दिवस राहील, तिची जागा पावसात झाकलेली आहे का आणि अर्धे काम झाल्यावर मेकॅनिक सोडून गेला तर काय, हे आधीच बोलून घ्यावे. मेकॅनिक निवडताना त्याने पूर्वी केलेली, निदान दोन पावसाळे चाललेली एखादी गाडी दाखवायला सांगावी आणि तिच्या मालकाशी बोलावे. ज्याच्याकडे दाखवण्यासारखी गाडी नाही त्याच्या हातून पहिला प्रयोग आपल्या गाडीवर होऊ देऊ नये.

आठवी पायरी : होकार असेल तर, आणि नकार असेल तर

आरटीओचे लेखी उत्तर नकाराचे असेल आणि गाडी रोज रस्त्यावर आणायची असेल, तर मोठ्या इंजिनाचा विचार सोडून द्यावा. खर्चाचे पैसे मूळ इंजिनाचे पूर्ण काम, नवे ब्रेक, चांगले टायर आणि थंडाव्याची दुरुस्ती यांत घालावेत. एवढे केलेली झेन किंवा मारुती ८०० चालवून पाहिलेल्या माणसाला मोठ्या इंजिनाची आठवण फारशी येत नाही, असे मी अनेक मालकांच्या बाबतीत पाहिले आहे.

उत्तर होकाराचे असेल तर मंजुरी हाती आल्यावरच काम सुरू करावे. बदल झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्याला तो कळवून प्रमाणपत्रावर नोंद करून घ्यावी लागते, म्हणून इंजिनाचे बिल, गॅरेजचे बिल आणि नव्या क्रमांकाचे छायाचित्र एकाच फाइलमध्ये तयार ठेवावे. नोंद झाल्यावर विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर बदल चढवून घ्यावा आणि नवी पीयूसी काढावी. पहिले पाचशे किलोमीटर झाल्यावर ऑइल व फिल्टर बदलावा, माउंटिंगचे आणि ड्राइव्हशाफ्टचे सर्व बोल्ट पुन्हा कसून घ्यावेत, आणि त्यानंतरच गाडी पूर्ण भरून घाटात न्यावी.

काढलेले जुने इंजिन मात्र भंगारात देऊ नये. प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडून, सर्व तोंडे बंद करून, लाकडी फळीवर आणि प्लॅस्टिकखाली ते कोरड्या जागी ठेवावे आणि दर दोन-तीन महिन्यांनी क्रँक हाताने एक फेरा फिरवावा. त्याचा क्रमांक गाडीच्या मूळ कागदांवर आहे, आणि पुढे गाडी पूर्ववत करायची वेळ आली तर तेच इंजिन लागेल.